काळ्या कुळथाची ओंजळ

आम्ही सातपुड्यात वाघ बघायला गेलो नव्हतो. आम्हाला कुळीथ आणायचा होता, काळा कुळीथ! ऑफिसात लोक हसले. हसू देत. कौतिक पावरा नावाचा म्हातारा अनेर नदीच्या वरच्या अंगाला एकटाच तो पेरायचा आणि दिवाळीत तो वारला. खाली सगळीकडे कापूस नाहीतर मका. आम्हाला ठाऊक असलेलं त्या वाणाचं सगळं बी त्या एका उतारावर उभं होतं. त्यात अवकाळीचे ढग जमायला लागले होते.

मी संघमित्रा, वरणगावची. जुनी बियाणी जपणाऱ्या एका संस्थेत काम करते. वाट दाखवायला कौतिकचा पुतण्या धनसिंग होता. तिसरे एरंडोलकडचे हिलाल आबा. त्यांच्या बरड रानात बाजारचा कुळीथ पिवळा पडून मरायचा. आईच्या वेळचा काळा मात्र तग धरायचा, असं ते सांगत. साठी उलटलेली, गुडघे दुखरे. मी नको म्हटलं होतं, पण ऐकतील तर ते आबा कसले!

दोन ओढ्यांच्या मधोमध उंचावर कौतिकची रिकामी झोपडी होती, मागे सागाचं पानगळ लागलेलं रान आणि पुढे खडकाळ उतारावर लोळलेले कुळथाचे वेल. कुळीथ दवातच उपटावा लागतो. ऊन चढलं की वाळल्या शेंगा हातातच तडकतात. म्हणून उजाडताच आम्ही कामाला लागलो. तांबूस दाणा होता, ठिपक्यांचा होता आणि अगदी थोडा काळा. मी खुरट्या वेलांच्याही शेंगा घेत होते.

"खुरटा कशाले लेस?" आबा कुरकुरले.

"त्याच्यात काय दडलंय ते तुम्हाला ठाऊक आहे? मलाही नाही. म्हणून घेतेय."

काळ्याची शेंग दाबून त्यांनी मान हलवली. "हाऊ आजून कच्चा शे, पोरी. आठ दिन तरी थांबाले पाहिजे."

तेवढ्यात पहिली सर आली. थांबलो असतो तर सगळं तिथंच कुजलं असतं. कच्चं-पक्कं सगळं ओरबाडून पोतडीत भरलं आणि उतरायला लागलो.

ओढ्याच्या काठावर आबांचा पाय सटकला. खडक ओला. आधाराला काहीच नाही. ते गडगडत खाली गेले! धनसिंगने झेप घेऊन त्यांची कॉलर धरली. भाकऱ्यांची पिशवी पाण्यात गेली. आबांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. समोर ओढा लाल होऊन उसळत होता. मागचाही तसाच. आम्ही त्यांना पाठीवर घेऊन परत झोपडीत नेलं.

पाऊस थांबेना. फोनला रेंज नाही. धनसिंग दोरी बांधून ओढ्यात उतरला आणि कपाळ फोडून परत आला. आबांना हुडहुडी भरली, ओठ निळे पडले. खायला कण नव्हता. होती ती फक्त पोतडी.

मी प्रत्येक जातीची चिमूटभर पुरचुंडी बाजूला बांधली. काळ्याची मात्र सबंध ओंजळ ठेवली. उरलेला तांबूस आणि ठिपक्यांचा कुळीथ कौतिकच्याच मडक्यात शिजत टाकला.

आबांनी दात आवळले. "बी कोनी खाई का? मरू दे माले."

"मरा ना, पण घरी जाऊन मरा," मी ओरडले. माझं डोकं फिरलं होतं. धनसिंगने त्यांचं नाक दाबलं आणि मी कढण तोंडात ओतलं.

दिवसामागून दिवस मडक्यात गेला. तांबूस संपला, ठिपक्यांचा संपला. पाऊस तसाच. आबांना आता मी कोण तेही कळेना, हाक मारली तर नुसते डोळे फिरायचे. धनसिंग काळ्या ओंजळीकडे बघत म्हणाला, "ताई, काकांनी हा आयुष्यभर जपला. पण शिजवा."

मी त्यातलाही चिमूटभर काढून ठेवला आणि बाकीचा मडक्यात सोडला. कशाला खोटं बोलू, त्या क्षणी मला आबांचा रागच आला होता.

कढण शेवटी गेलं पोटात. दुसऱ्या सकाळी ओढा उतरला. धनसिंगने पाड्यावरून माणसं आणली आणि झोळीत घालून आबांना खाली नेलं.

उन्हाळ्यात मी तिन्ही पुरचुंड्या आबांच्या अंगणातल्या वाफ्यात पेरल्या. तांबूस उगवला. ठिपक्यांचाही बराचसा उगवला. काळा नाही. आम्ही वाट पाहिली, मग मी माती उकरली. कच्चे दाणे सडून त्यांचं पीठ झालं होतं.

आबा काठी टेकत वाफ्याशी आले.

"काळा कुळीथ बठ्ठा मन्हा पोटमा गया, पोरी," ते म्हणाले. "आते मी उगसू का?"

मला हसू येईना, रडू आवरेना. मी त्यांची काठी नीट हातात दिली आणि म्हटलं, "घरात चला आबा, ऊन लागतंय."