पाणी भरलेली होडी

भोजराजच्या कारखान्यातली कुठलीही टाकी पाणी भरून पाहिल्याशिवाय बाहेर जात नसे. फायबरचं काम, डोळ्यांना धड दिसलं तरी एखाद्या थरात हवा राहून जाते. म्हणून टाकी काठोकाठ भरायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी बाहेरून हात फिरवायचा. हात कोरडा आला की टाकी पास. बालाघाटहून राजेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. अपेक्षाच्या, म्हणजे एकुलत्या एक लेकीच्या लग्नातही त्याने स्वतःच्या हातची एक टाकी दिली होती, कोकणातल्या तिच्या घराच्या गच्चीवर बसवायला.

त्यामुळे जावयाची शिडाची होडी ट्रकवरून उतरली, तेव्हा त्याला तीही एक लांबट टाकीच वाटली.

जावई अनय मूळचा बालाघाटचाच. कोकणात जाऊन तो पर्यटकांना होडीतून फिरवायचा. रात्री एकटाच होडी परत आणत असताना समुद्रात टक्कर झाली होती. पाण्याखाली राहणाऱ्या भागात, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं भोक पडलं होतं. आतून गादी कोंबून त्याने कशीबशी होडी किनाऱ्याला लावली होती.

"भोजराजभाऊ, आता वैनगंगेत जहाज सोडता का जी?" शेजारचा चैतराम रस्त्यावरूनच ओरडला.

"सोडतो ना. तुले पहिले बसवतो, बुडते का पाहाले!"

भोजराजची बायको शांताबाई मात्र हसली नाही. "समुद्राकाठचा माणूस दुरुस्तीले बालाघाटले काहून येते?" ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"ओंडका होता मामाजी," अनय सांगत होता. "वाहत येतात असे. पाऊस संपला की अपेक्षाला घेऊन निघायचंय, गोव्यापर्यंत. त्याआधी होडी पक्की करून द्या."

भोजराजने होडीला कान लावला आणि लाकडी हातोडीने बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत गेला. थर धड असतील तिथे आवाज खणखणीत येतो, सुटले असतील तिथे बद्द. बद्द बोलणारा सगळा भाग त्याने कापून काढला. कापताना थरांत रुतलेली एक ढलपी हाती लागली. लाकडाचीच होती, पण तिच्यावर निळा तेलरंग होता.

ओंडक्याला रंग कोण देतं?

जावयाला असं विचारायचं नसतं. भोजराजने ढलपी खिशात टाकली.

भोकाच्या कडा त्याने उतरत्या घासल्या. लहान तुकड्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा, असे काचेच्या कापडाचे थर राळेत भिजवून चढवले. मे महिन्याच्या उन्हात राळ बघता बघता दगड झाली. मग त्याने होडीखाली रेतीची पोती रचली, बोअरचा पाइप आत सोडला आणि नेहमीप्रमाणे होडी भरायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेलेली होती. पंखे थांबले होते, रस्ता ओस होता. राळेचा उग्र वास पत्र्याखाली कोंडला होता. भोजराजने जोडावरून हात फिरवला. कोरडा. त्याने समाधानाने हातोडीचा एक ठोका दिला.

आतून थाप आली.

उघड्या तळव्याची, ओली थाप... तो थांबला. पुन्हा ठोकलं. पुन्हा थाप. मग त्याने हातोडी खाली ठेवली, तरी थापा येतच राहिल्या. थकलेल्या, घाईच्या.

शिडी लावून तो वर चढला. आत नितळ पाणी होतं, तळातला जोड स्पष्ट दिसत होता. कोणी नव्हतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. बोअरचं गोड पाणी खारट झालं होतं.

संध्याकाळी अपेक्षा आणि अनय त्याच्या बालाघाटच्या घरून आले. "झाली का, बाबा?" म्हणत ती होडीकडे धावली. भोजराजने निळी ढलपी जावयापुढे धरली.

तेवढ्यात आतून थाप आली. अनयचा चेहरा पांढराफटक पडला.

"छोटी होडी होती," तो पुटपुटला. "दिवा नव्हता तिला... एकच माणूस. पाण्यातून माझ्या होडीवर थापा मारत होता... वर घ्या म्हणून."

"अन् तुम्ही?"

"माझीच होडी भरत होती, मामाजी. मला वाटलं, दोघंही जाऊ... मी निघून आलो."

अपेक्षा एक पाऊल मागे सरली. "मले तर ओंडका म्हणलास तू..."

तेव्हा तो माणूस बाहेर होता, कारण पाणी बाहेर होतं. होडी पाण्यात सोडून पाहतात. भोजराजने टाकीवाल्याच्या सवयीने पाणीच होडीत सोडलं होतं, आणि पाण्याबरोबर तो माणूसही आत आला होता.

त्याने घण उचलला. "माही पोरगी याच्यात बसणार नाही." स्वतःच्या हातचा जोड त्याने फोडला. पाणी लोंढ्याने बाहेर आलं, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या त्या अंगणात मासळीचा वास पसरला. थापा थांबल्या. रात्र होण्याआधी होडीचे तुकडे झाले होते.

अनयने पोलिसांत सगळं सांगायचं कबूल केलं. दोघं कोकणात परतली. पण जाऊ जाऊ म्हणत त्याने पावसाळा काढला. होडी गेली, पोरगी वाचली, एवढ्यावर भोजराज रात्री झोपू लागला.

दसऱ्याच्या सुमारास, दिवेलागणीला, अपेक्षाचा फोन आला.

"बाबा, तुमची टाकी... गच्चीवरची. अंदरून कोणी थापा मारल्यासारखा आवाज येऊन राह्यला. अनय पाहाले वर गेला."

"झाकण उघडू नको म्हण त्याले! अपेक्षा, आवाज दे त्याले!"

तिने हाका मारलेल्या ऐकू आल्या. मग जिना चढणारी तिची पावलं, वारा...

"बाबा, इथं कोणी नाही. झाकण तर लागलेलंच आहे."

"अन् आवाज?"

ती ऐकत असावी.

"बाबा..." ती कुजबुजली, "आता दोन जण थापा मारून राह्यले."