आजोबांचं फडकं

"पाडा म्हणावं खुशाल! पण माझ्या आजोबांच्या नावाला काळं फासून नाही!" भिंगरी दणादण जिना चढत ओरडली.

"हळू गं बाई! जिना आजच पडायचा," मागून तिचा मित्र ढापण्या धापा टाकत म्हणाला.

फाटकाशेजारची ती उंच सिग्नल केबिन. वरच्या खोलीत लोखंडी दांड्यांची रांग, आणि ते दांडे सांभाळायचे भिंगरीचे आजोबा. दांडा ओढला की खाली रुळांचा सांधा सरकायचा आणि गाडी दुसऱ्या रुळावर जायची. या मार्गावरच्या बाकीच्या केबिनी केव्हाच गेल्या होत्या. आता सगळं बटणावर! ही शेवटची उद्या पाडायची होती.

त्यात गेल्या आठवड्यात आजोबा जेवायला खाली गेले असताना कुणीतरी भलताच दांडा ओढला. रिकामा डबा नको त्या रुळावर घुसला नि फाटक मोडलं. "म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही," असं सांगून रेल्वेचे धाकटे साहेब मोकळे झाले. तेव्हापासून आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ना जेवण, ना बोलणं. भिंगरीला रडू यायचं, आणि रडून काही होत नाही म्हणून आणखीच यायचं.

"ए, हे बघ!" ढापण्याने चष्मा सरसावला. "सगळे दांडे चकचकीत, आणि याच्यावर तांबडे डाग! बोटांचे!"

"हा तर त्या दिवशीचाच दांडा!" भिंगरी किंचाळली. "घामट हातानं लोखंड गंजतं रे! आजोबा फडक्याशिवाय दांड्याला शिवतच नाहीत!"

"मग हा हात कुणाचा?"

"आजोबांखेरीज वर येतात ते धाकटे साहेबच! आत्ता पाहणीला येतीलच. पळ! फाटकावर त्यांचे मोठे साहेब आलेत, त्यांना घेऊन ये. धाकटे वर चढले की मागून जिन्यात गुपचूप थांबा!"

थोड्या वेळाने धाकटे साहेब वर आले. भिंगरीने चेहरा भोळा केला. "काका, उद्या पाडणारच, तर एकदा दांडा ओढून दाखवा ना! तुम्हाला कुठला जमणार म्हणा!"

"मला जमणार नाही?" साहेबांनी नेमका तोच दांडा उघड्या हाताने धरला. "त्या दिवशी पाहुण्यांना मीच तर ओढून दाख..."

त्यांनी जीभ चावली. पण जिन्यातून मोठे साहेब वर आले होते.

आजोबांना बोलावणं गेलं. मोठे साहेब हात जोडून म्हणाले, "माफ करा. तुमचा काही दोष नाही. आणि पोरांनो, शाबास! कमाल केलीत!"

"मग केबिन राहील ना?" भिंगरीने विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. "नाही बाळा. ते वरून ठरलंय."

भिंगरीला वाटलं, एवढं करून काय मिळालं? आजोबांनी मात्र खांद्यावरचं फडकं काढलं आणि ते गंजलेला दांडा घासू लागले.

"आजोबा, उद्या पाडणारेत हो! कशाला पुसताय?"

"उद्या ना?" आजोबा म्हणाले. "आज पाळी माझी आहे."

भिंगरीने डोळे पुसले, खिशातला रुमाल काढला आणि शेजारचा दांडा पुसायला घेतला.