उघड आहे

शून्यात कोणतीही संख्या मिळवली तर तीच संख्या येते, हे संगणकातल्या पडताळकाला सकाळपासून पटत नव्हतं.

ऋजुता खांबेटे कराडच्या घरी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसली होती. समोर तिचे वडील हेमंतराव पावट्याच्या शेंगा सोलत होते. वकिली सोडल्यापासून त्यांना उलटतपासणीला कोणी मिळत नसे, त्यामुळे ते मधूनमधून पडद्याकडे बघत आणि तिथली लाल अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवत.

"अमान्य," त्यांनी वाचलं. "अजून तिथंच का?"

"तिथंच."

"शून्य अधिक न बरोबर न. यात न पटण्यासारखं काय आहे?"

"न अधिक शून्य पटतं त्याला. बेरजेची व्याख्याच तशी दिलीय. शून्य आधी लिहिलं की पुरावा मागतो."

"मग बाजू बदलून लिही."

"बाजू बदलली तरी बेरीज तीच येते, हे आधी सिद्ध करावं लागतं, बाबा. आणि ते सिद्ध करायला हेच लागतं."

हेमंतरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. "असलं अशील मी दारातूनच परत पाठवलं असतं," ते म्हणाले.

ऋजुताला परत पाठवायची सोय नव्हती. हल्ली संगणकाच्या आज्ञावल्या माणसं लिहीत नसत, यंत्रंच लिहीत, आणि त्या इतक्या लांबलचक असत की कोणी वाचायच्या भानगडीत पडत नसे. त्यातून दोन-तीन जीवघेणे घोटाळे झाले आणि सरकारनं सिद्धता कायदा आणला. माणसाच्या अंगावर बसणाऱ्या प्रत्येक उपकरणाचं गणित मूलगृहीतकांपासून सिद्ध झालंच पाहिजे. मूलगृहीतकं म्हणजे शून्य ही संख्या आहे, प्रत्येक संख्येला एक पुढची संख्या असते, अशा मोजक्या गोष्टी, ज्यांच्यावर भांडायला कोणी उरलेलं नाही. तिथून वरपर्यंतची एकूण एक पायरी पडताळक तपासतो आणि पटली तर 'मान्य' म्हणतो. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात गणितात एम.एस्सी. झालेली एक चांगली शहाणी मुलगी सकाळभर शून्यापाशी अडून बसते.

त्यातून हे काम तिच्या वाट्याला आलं होतं ते वरच्यांच्या आळसामुळे. एखादी सिद्धता नंतर लिहायची असेल, तर पडताळकात तिच्या जागी 'उघड' एवढाच शब्द लिहायची मुभा होती. मग तो ते विधान मुकाट्यानं धरून चालतो आणि पुढे जातो. सोय तात्पुरती होती. पण कंपनीतले ज्येष्ठ सिद्धताकार असल्या शून्याबिन्याला इतके वैतागले की शाळेतल्या पोराला ठाऊक असलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'उघड' लिहायचा तिथं रिवाजच पडून गेला. पुढे त्याची कोणाला आठवणही राहिली नाही. आता तपासणी जवळ आल्यावर एकेक 'उघड' काढून तिथं खरी सिद्धता लिहायचं काम नव्यानं लागलेल्या ऋजुताच्या गळ्यात पडलं.

ती कंपनी इन्सुलिनचे पंप बनवायची. त्यातलाच एक हेमंतरावांच्या पोटावर चिकटवलेला होता. तो रक्तातली साखर मोजायचा, शरीरात आधीचं किती औषध शिल्लक आहे ते बघायचा आणि लागेल तेवढंच सोडायचा. महिन्यापूर्वी त्यात नवं, सिद्ध झालेलं गणित भरलं गेलं आणि पडताळकाच्या 'मान्य'वर त्याच्या काठावर हिरवी खूण उमटली; तपासणी मागाहून व्हायची होती. तेव्हापासून हेमंतरावांना दुपारी साखर एकदम उतरून दरदरून घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागले. एकदा तर मंडईत भाजीवाल्याच्या पोत्यावर बसावं लागलं. डॉक्टरांनी हिरवी खूण पाहिली आणि सांगितलं, "गणित सिद्ध झालेलं आहे, खांबेटे साहेब. तुम्हीच जेवणाचं खरं सांगत नसाल." जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडलेल्या माणसाला घाम आणि थरथर परवडली, पण हे वाक्य जिव्हारी लागलं.

अकराच्या सुमाराला शून्य एकदाचं वठणीवर आलं. विधान शून्यासाठी खरं आहे हे दाखवायचं, मग एका संख्येसाठी खरं धरलं तर तिच्या पुढच्या संख्येसाठीही खरं ठरतं हे दाखवायचं. असं केलं की ते सगळ्याच संख्यांसाठी खरं. पडताळकानं हिरव्या अक्षरांत 'मान्य' म्हटलं.

"अभिनंदन," हेमंतराव म्हणाले. "आता एक अधिक एक?"

पुढचा 'उघड' आणखी सोपा होता. एका संख्येतून दुसरी वजा करायची आणि तीच परत मिळवायची, की पहिली संख्या आली पाहिजे. दोन ओळींत संपेल असं तिला वाटलं. पडताळक म्हणाला, अमान्य. तिनं दुसऱ्या रीतीनं मांडलं, अमान्य. शून्याला वठणीवर आणणारी युक्ती इथंही लावून पाहिली, तरी अमान्यच. शेवटी वैतागून तिनं तिच्या वरिष्ठांना, अभिजित फडतऱ्यांना, फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवून दिला.

"अगं, ताटातल्या दोन पोळ्या काढल्या आणि परत वाढल्या," फडतरे म्हणाले, "तर होत्या तेवढ्याच होणार ना? उघड आहे ते."

"उघड काढायचंच काम दिलंय सर मला."

"मग तेवढं एक राहू दे. तपासणीवाले इतक्या खोलात जात नाहीत. आणि रत्नागिरीला माझ्या आईला तोच पंप लावलाय, ऋजुता. शंका असती तर लावला असता का मी?"

फोन ठेवल्यावर ऋजुताला संताप आवरेना. हे यंत्र मूर्ख आहे हे एकदा लेखी दाखवायचंच, म्हणून तिनं साधे आकडे घालायला सुरुवात केली. पाच वजा तीन, अधिक तीन. उत्तर आलं पाच. आठ वजा दोन, अधिक दोन. आठ. मग रागाच्या भरात तिनं उलटं टाकलं: तीन वजा पाच, अधिक पाच.

उत्तर आलं, पाच.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं नुसतंच विचारलं, तीन वजा पाच किती? पडताळक म्हणाला, शून्य.

"बाबा, यात उणे संख्याच नाहीत," ती हळू म्हणाली. "मोजायच्या संख्यांवर सिद्धता लवकर होते, म्हणून सगळं गणित त्यांच्यावर बसवलंय. शून्याच्या खाली जागाच नाही. तीनातून पाच काढायला सांगितले, तर तो तीन काढतो आणि गप्प बसतो. उरलेले दोन गेले."

"कुठं गेले?"

"तुमच्या पोटात." तिचा आवाज चढला. "शरीरात औषध जास्त शिल्लक असेल, तर ते जास्तीचं पुढच्या डोसातून कमी करायला हवं. पंप ते शून्य धरतो आणि विसरतो. मग तुम्ही जेवायला बसलात की पूर्ण डोस सोडतो. एवढे दिवस तुम्ही खरं सांगताय, आणि आम्ही सगळे तुम्हालाच खोटं पाडतोय."

ऋजुताच्या आईनं ताटं घेतली होती आणि पावट्याच्या उसळीचा वास घरभर सुटला होता. जेवण्याआधी पंपावरचं बटण दाबायची हेमंतरावांची सवय होती; त्यांचा हात तिकडे गेला आणि तसाच थांबला. ऋजुतानं उठून पंप नळीसकट काढून ठेवला, त्यांची साखर मोजली आणि कपाटातलं जुनं इन्सुलिनचं पेन काढून टेबलावर ठेवलं. मग तिनं पुन्हा फोन लावला.

"सर, तुमचा 'उघड' धरून मी शून्य बरोबर पाच सिद्ध केलंय. शून्यातून पाच काढून पाच मिळवले, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे शून्य यायला हवं. पडताळकाच्या वजाबाकीनं शून्यातून पाच काढले तरी शून्यच राहतं, आणि शून्य अधिक पाच म्हणजे पाच, हे मी आज सकाळीच सिद्ध करून बसलेय. यंत्र मान्य म्हणालं."

"जे यंत्र शून्य बरोबर पाच म्हणतं," फडतरे म्हणाले, "त्याच्या भरवशावर मी वर काय सांगू? उद्या ते काहीही मान्य करेल."

"तेच तर म्हणतेय मी, सर. त्या 'उघड'वर उभं असलेलं सगळंच त्यानं मान्य केलंय. पंपाचं गणितसुद्धा. आणि तो 'उघड' खोटा आहे, हेही मी सिद्ध केलंय. मूलगृहीतकांपासून, एकही 'उघड' न वापरता."

"मग सोमवारच्या बैठकीत मांड. मी विषय घालतो. हजारो लोकांना एकदम पंप काढा म्हणालो तर काय गोंधळ उडेल, कल्पना आहे तुला? आणि सिद्ध झालेल्या गोष्टीवर आपणच शंका घ्यायची म्हणजे..."

ऋजुताला ओरडावंसं वाटलं. पण भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. साडेबारा वाजले होते.

"सर, तुमच्या आई जेवायला बसल्या असतील का?"

पलीकडून फोन कट झाला. तिनं लगेच परत लावला, तर एक बाई शांतपणे सांगू लागली की आपण फोन करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. तिनं पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं.

हेमंतरावांनी ताट थोडं पुढे सरकवलं. टेबलावर काढून ठेवलेल्या पंपाची हिरवी खूण अजून चमकत होती.

"त्यांच्या आईला फोन गेला," ते म्हणाले. "मला तू आहेस. बाकीच्यांनी सोमवारपर्यंत जेवायचं की नाही?"