ओला, सुका आणि 'काचेवरचा श्वास'

लोणावळ्याजवळच्या कुसगावच्या त्या गल्लीत ऑगस्टचं धुकं इतकं दाट उतरलं होतं, की समोरच्या घराचा फक्त कठडा उरला होता, घर नव्हतं. अल्फिया ओले केस पुसत खिडकीशी उभी होती... आणि धुक्याच्या पोटातून ते गाणं आलं.

'काचेवरचा श्वास'!

'उल्कापात' हा रॉक बँड कुणाला ठाऊक नाही? त्यांच्या ढणढणाटावर भुशी धरणाच्या पायऱ्यांवर दर रविवारी अर्धं पुणं उड्या मारतं. पण याच बँडचं हे हळुवार गाणं एके काळी सलग अकरा आठवडे रेडिओवर पहिलं होतं. आणि नंतर जग ते असं विसरलं, जशी लग्नघरातली माणसं वाढप्याचं नाव विसरतात. बँडनेही आपल्या पंचवीस वर्षांच्या संग्रहात त्याला जागा दिली नाही. अल्फियाचा मात्र एक गंभीर, कुणालाही न सांगितलेला निश्चय होता: ज्याला हे गाणं ठाऊक असेल, त्याच्याशीच आपलं जमेल. असा माणूस मावळात असण्याची शक्यता तिने स्वतःच निकालात काढली होती.

ती अनवाणीच धावली. वळणावर घंटागाडी उभी होती. भोंगा गात होता.

"ताई, कचरा?" ड्रायव्हरने विचारलं.

तिच्या हातात फक्त टॉवेल होता. "आणते," ती म्हणाली — आणि उभीच राहिली.

त्याचं नाव इनायत. नवलाख उंबरे गावचा, कारखान्यातलं काम सुटल्यावर त्याने ही गाडी धरली होती. रोज सकाळी गाणं यायचं आणि मागोमाग अल्फिया. घरात ती आणि अब्बू, दोघंच; दुसऱ्या आठवड्यात कचरा संपू लागला.

"आज एवढंच? एक कांद्याची साल?"

"दोन आहेत. नीट बघा."

"ओला का सुका?"

"तुम्हीच ठरवा. तज्ज्ञ तुम्ही."

त्याने साल उजेडात धरून गंभीरपणे पाहिली. "जरा हळवी वाटती. ओल्यात टाकतो."

तिसऱ्या आठवड्यात 'ताई' हा शब्द आपोआप गळून पडला. त्याच्या जागी दुसरा आला नाही; तिथे एक छोटीशी, सुखाची अडखळ राहिली.

पण गल्लीतलं दुसरं कुणीच कचरा घेऊन येत नव्हतं. महिना होत आला तसे मुकादम हनुमंतराव स्कूटरवरून आले आणि भर गल्लीत कडाडले, "लोकं हे गानं वळखत न्हाईत, कचरा घरात सडतोय! शनिवारपातूर स्वच्छतेचं गानं लाव, न्हाईतर चावी ठिव!"

इनायत खाली मान घालून "बरं" म्हणाला. गुरुवारी तेच गाणं वाजलं. शुक्रवारीही.

एका गाण्यापायी नोकरी पणाला लावणारा माणूस! अल्फियाचा जीव वर-खाली झाला. शुक्रवारी संध्याकाळी ती दारोदार फिरली.

"ती घंटागाडी व्हय?" शकुबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बाई, आमाला वाटलं मयताची गाडी. मी रोज दार लावून हात जोडती!"

शनिवारी सकाळी अल्फिया धापा टाकत गाडीपाशी आली. "सात घरं या गाण्यावर कचरा आणायला कबूल झाली. आता गाणं बदलायला नको."

इनायतचा चेहरा उतरला. त्याने भोंगा बंद केला. धुक्यातून थेंब टपकत असल्याचं पहिल्यांदाच ऐकू आलं.

"एक सांगू? मला ते गानं... आवडत न्हाई."

"काय?"

"अजाबात न्हाई. लय रडतंय. आधीच्या ड्रायव्हरच्या पेनड्राइव्हवर होतं, पयल्या दिवशी चुकून लागलं. बदलणारच होतो, तेवढ्यात तुमी पळत आलात. पायात चप्पल बी न्हाई. मग वाटलं, उद्या दुसरं लावलं आन् तुमी आलाच न्हाई, तर?"

इतक्या वर्षांचा निश्चय अंगणातल्या शेवाळावरून सरकन घसरला. म्हणजे जगातला तो दुसरा श्रोता कधी नव्हताच. अल्फियाने मनात दुःख शोधलं, अगदी प्रामाणिकपणे शोधलं, सापडेना. गाणं समजणारा माणूस तिला हवा होता, आणि समोर होता तो नकोसं गाणं महिनाभर, रोज, दोनशे घरांपुढून तिच्यासाठी सोसणारा. कवितेत याला काय म्हणतात, ते तिला आठवेना.

"मूर्ख आहात," ती म्हणाली.

"व्हय."

"स्वच्छतेचं गाणं लावा. चावी ठेवायची वेळ आणू नका."

"आन् तुमी याल?"

"नाही." त्याचा चेहरा पाहवेना, म्हणून ती घाईघाईने पुढे म्हणाली, "कचऱ्याच्या निमित्ताने किती दिवस भेटायचं? संध्याकाळी घरी या. अब्बू असतात."

इनायतने स्टिअरिंग धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "काय... काय घिऊन येऊ?"

"चिक्की सोडून काहीही. लोणावळ्याशेजारी राहणाऱ्याला चिक्की आणली, तर अब्बू दारातूनच परत पाठवतील."

त्याने मान डोलावली, जरा जास्तच वेळ डोलावली, आणि गाडी निघाली. गाणं लावायचं तो विसरला, थांबायचंही विसरला. सात दारांत सात बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या, धुक्याकडे कान लावून. गाडी त्यांच्यासमोरून हसत-हसत निघून गेली.

शेवटी पदर खोचून, बादली सावरत शकुबाई गाडीमागे धावत सुटल्या.

"आरं ए भाऊ! थांब की! आमाला आत्ता कुटं रडगानं कळाया लागलं, तर तुजी गाडीच पळाया लागली!"