शांत म्हणायचं नाही

मार्लिस पॅरामेडिक झाली, तर तिला पगारवाढ मिळणार होती, बाहीवर नवा बिल्ला मिळणार होता, शिवाय औषधांच्या पेटीची किल्ली. आणि तिच्या गाडीवरचा पॅरामेडिक गॅरेट, त्याला काय मिळणार होतं? शेजारी दुसरंच कुणीतरी. नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीत एका अँब्युलन्सवर एकच पॅरामेडिक असतो. दोन आणायचे कुठून? म्हणजे ती पास झाली की गेली नदीपलीकडच्या केंद्रावर. आणि तिची परीक्षा घेणारा कोण, तर गॅरेटच. ज्याचं नुकसान व्हायचं, त्याच्याच हाती तराजू!

पहिल्या भेटीत त्याची अँब्युलन्स बर्फात रुतली होती आणि ही ट्रॅक्टरवरून गुरांना वैरण टाकायला निघाली होती.

"दोर आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. तुला गाठ मारता येते का?"

येत नव्हती. वर्षभरात ती त्याच्याच अँब्युलन्सचं स्टिअरिंग धरून बसली... आणि त्याला गाणी गुणगुणायची सवय लागली.

आता परीक्षेतलं एकच उरलं होतं. एक गंभीर रुग्ण तिने एकटीने सांभाळायचा, गॅरेटने अवाक्षर काढायचं नाही. दोनदा त्याने मध्येच तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा तिची मेहनत वाया गेली होती.

गुरांच्या लिलावाच्या दिवशी दोघं बाजाराबाहेर गाडीत कॉफी पीत बसले होते.

"दोन्ही वेळा मी बरोबर होते," मार्लिस म्हणाली. "तू उगाच बोललास."

"सवय."

"सवय, की... सोय?"

त्याने कपाचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"आज मुदत संपतेय, गॅरेट. नाहीतर सगळं पहिल्यापासून."

मग तो म्हणाला, "आज किती शांत आहे, नाही?"

"वेडा झालास का रे!" तिची कॉफी सांडली.

'शांत' हा शब्द आम्हा अँब्युलन्सवाल्यांत कुणी काढत नाही. काढला की रेडिओ खणखणतो, कुणीतरी गंभीर आजारी पडतं अशी समजूत, आणि काढणाऱ्याने सगळ्या केंद्राला कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, चारायचे, हा दंड.

"कुणाच्या जिवावर बेतलं म्हणजे?"

"शब्दाने कुणी आजारी पडत नाही, मार्लिस. मला एवढंच सांगायचं होतं, की मी... तुझ्या बाजूने आहे."

रेडिओ वाजला.

लिलावाच्या बाकावर म्हातारा फ्लॉइड छाती धरून बसला होता, राखेसारखा पांढरा, घामाने निथळत.

"पोरी, माझ्या कालवडी विकायच्या राहिल्यात."

"विकल्या जातील. आधी तुम्ही आडवे व्हा बघू."

गाडी अग्निशमन दलाच्या माणसाने चालवली. मागे हे दोघं. मार्लिसने जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली उचलली. छातीत दुखलं की ती गोळी, ही जुनी सवय. पण झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल, तर त्याच गोळीने रक्तदाब कोसळतो. गॅरेटचे ओठ उघडले... आणि त्याने खालचा ओठ दातांत करकचून धरला. गोळी जिभेपाशी पोचली, तर तो बोलणारच होता.

तिने हृदयाच्या आलेखाकडे पाहिलं. हात थांबला. एक वायर छातीच्या उजवीकडे सरकवली, पुन्हा पाहिलं आणि बाटली जागेवर ठेवली.

"गोळी नको, उजवी बाजू आहे. गॅरेट, सलाईन."

त्याने मुकाट्याने लावलं.

हॉस्पिटलच्या दारात, फ्लॉइडला आत नेल्यावर, तिने कापसाने गॅरेटच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"दुखतंय?"

"तू जाणार, ते जास्त."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"सारखा बोलतच तर होतो... नको तिथे."

ती हसली आणि डोळे पुसले. "रविवारी पुलापलीकडे ये. गाठ मारायला शिकवते."

हिशेब असा. फ्लॉइड वाचला, त्याच्या कालवडीही विकल्या गेल्या. मार्लिसला किल्ली मिळाली. आलुबुखाऱ्याचे कोलाचे गॅरेटच्या खिशातून आले. अँब्युलन्समधली मार्लिसची शेजारची जागाही त्यानेच सोडली. ती कुणी त्याच्याकडे मागितली नव्हती. रविवारचं पेट्रोल मात्र दोघं आळीपाळीने भरतात.