इंजिनावरचा तिसरा आवाज

ही घटना खरी आहे. तरीही काही शहाणे 'भास झाला असेल' म्हणतीलच. म्हणू द्या. पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या भीतीला भास म्हणायला फार अक्कल लागत नाही.

आणि अमावस्येची रात्र, पांढरी साडी असलं काही हवं असेल तर दुसरीकडं बघा. इथं भर दुपार होती. १९७५ सालचा डिसेंबर. मिरजेहून निघालेली मालगाडी कराड सोडून कोरेगावच्या दिशेनं चालली होती.

इंजिनावर ड्रायव्हर होते लालासाहेब. माझे सख्खे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

तात्या पलटणीतून रेल्वेत आलेले. घरचा ऊस, पीळदार मिशा, अंगात रग. स्टेशनमास्तर म्हणजे त्यांच्या लेखी खुर्ची उबवणारा कारकून. गार्ड म्हणजे शेपटाला बांधलेलं ओझं. आणि फायरमन सिद्धू? तो तर माणसातच जमा नव्हता. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला.

"मेंढरं हाकायची सोडून इंजिन हाकाय आलास व्हय रं?" हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच.

सिद्धू खाली मान घालून कोळसा ओढायचा.

इंजिनावर एक साधा नियम होता. सिग्नल दिसला की फायरमननं तो मोठ्यानं पुकारायचा. ड्रायव्हरनं तेच शब्द परत म्हणायचे. सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांब. खाली कलला म्हणजे 'डाऊन'... जा. स्टेशनाच्या बाहेर आधी आउटर लागतो, मग होम. एकाची नजर चुकली तर दुसऱ्यानं सावरावं, एवढाच त्यातला अर्थ.

सिद्धू पुकारायचा.

तात्या उत्तर द्यायचे नाहीत. कधीच.

"मला काय डोळं न्हाईत? तू म्हननार आनि मी पोपटावानी बोलनार?"

त्या सकाळी कृष्णाकाठी दाट धुकं होतं. दुसरा फायरमन ताप आला म्हणून मिरजेतच राहिलेला. इंजिनावर दोघंच.

भिलवडीच्या अलीकडं धुक्यातून सिग्नल वर आला.

"आउटर डाऊन!" सिद्धू ओरडला.

आणि...

"आउटर डाऊन."

सिद्धूला बरं वाटलं. सायबानं आज जबाब दिला!

तात्यांनी मात्र गर्रकन मान वळवली. "माजी नक्कल करतोस व्हय रं?"

"म्या न्हाई सायेब. तुमीच की..."



पुढच्या स्टेशनाला तात्यांनी सिग्नलकडं बघितलंच नाही. सिद्धूच्या तोंडाकडं बघत राहिले. सिद्धू त्यांच्या.

"होम डाऊन!" सिद्धूनं पुकारलं. तोंड मिटलं.

तात्यांचे ओठ मिशीखाली घट्ट होते.

"होम डाऊन."

आवाज मागून आला... कोळशाच्या ढिगावरून.

कराडला इंजिन पाण्याला थांबलं तेव्हा तात्या स्वतः वर चढले. लोखंडी सळईनं कोळसा ढोसला. कुणी नव्हतं. तिथं लपायला मांजराला जागा नव्हती.

सिद्धू हात जोडून उभा. "सायेब, नारळ फोडूया. न्हाईतर फुडं नगं जाया."

"नारळ? ह्या फुकट्याला?" तात्या ढिगाकडं बघून थुंकले. "ए! भूत हायस न्हवं? मग बसून काय ऱ्हायलास? कोळसा मार की! ह्या मेंढक्यापरीस बरा मारशील!"



धुकं केव्हाच विरलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं. शेतात बायका खुरपत होत्या. गाडी निघाली, आणि पुढच्या सिग्नलला आवाज आलाच. पण आता तो बदलला होता. शब्द तेच... पण त्यांत तुच्छता होती. पायाखालच्या किड्याशी बोलावं तशी.

तात्यांना तो सूर ओळखीचा वाटला. हे त्यांनी फार वर्षांनी, एकदाच, सांगितलं.

मग ते स्टेशन आलं. नाव सांगत नाही. आजही तिथं गाड्या थांबतात.

"आउटर डाऊन!"

चाकांची खडखड. वाफेचा फुसकारा.

आणि... काहीच नाही.

"सायेब," सिद्धू म्हणाला. "जबाब न्हाई आला."

"झोपला आसंल तुजा सोयरा." तात्या हसले. सिग्नलचा हात खाली होता. त्यांनी स्वतः बघितला होता. गाडी आउटर ओलांडून पुढं गेली.

लांबवर होम दिसला. तोही खाली.

"होम डाऊन!"

शांतता.

"होम डाऊन! आवं, तुमी तरी म्हना! एकडाव म्हना!" सिद्धू रडकुंडीला आला होता.

आणि तात्यांच्या अगदी कानाशी, गार श्वास लागावा इतक्या जवळून...

"आता तू बोल की."

तात्यांनी तोंड उघडलं. दोनच शब्द म्हणायचे होते. सिग्नल समोर ढळढळीत खाली दिसत होता.

शब्द फुटेना.

 घशातून नुसती घरघर.  आणि त्यांचा हात... त्यांनी न सांगता... ब्रेकवर पडला.

गाडी करकरत होमच्या अलीकडं उभी राहिली.

दोघांनी वर बघितलं.

सिग्नलचा हात आडवा होता.

मागून गार्ड मानसिंग धापा टाकत आला. "डोळं फुटलं का रं तुमचं? आउटर आडवा हुता! तसाच वलांडलासा?"

 तात्या पुढं बघत होते. वळणापलीकडं, त्याच रुळावर, पॅसेंजर उभी होती. माणसं खाली उतरली होती. एक बाई रुळात बसून पोराला पाणी पाजत होती.

चौकशी झाली. दोन्ही सिग्नल पाडलेच नव्हते, हे सिद्ध झालं. "प्यायले असतील दोघं," चौकशीचे साहेब तोंडावर म्हणाले. तात्या सस्पेंड झाले. पुढं परत कामावर घेतले गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक पुकाराला उत्तर देऊ लागले. खणखणीत.

सिद्धूनं मात्र तात्या परतल्यावर महिन्याभरात नोकरी सोडली.

मी त्याला गाठलं ते पुष्कळ वर्षांनी, आटपाडीच्या माळावर. म्हातारा झाला होता. तात्यांचं नाव काढताच तोंड वाकडं केलं.

"भुताचं काय न्हाई वाटलं मला. ते नियमानं वागलं. तुमचा चुलताच वागला न्हाई."

"मग नोकरी का सोडली? तात्या तर उत्तर देत होते ना?"

सिद्धूनं काठीनं एक मेंढरू माघारी वळवलं.

"तोंड त्येंचं हलायचं," तो म्हणाला. "आवाज मागनंच यायचा."

तात्या अजून आहेत. गावी असतात. मी गेलो की जेवायला बसवतात, चौकशी करतात, अख्ख्या गावाला नावं ठेवतात.

मी ताटात बघून हो हो करतो.

ते बोलत असताना त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला होत नाही.

मागं वळून बघायचं तर नाहीच...