बाबांच्या पोटातली वस्ती

जेवण तर चांगलं, पौष्टिक होतं. मग पोट का दुखत होतं?

अबोलीला काही केल्या कळेना. तिचे बाबा पाय पोटाशी घेऊन पलंगावर पडले होते. कपाळावर घाम डवरला होता. देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर तरंगणाऱ्या एका वसाहतीत ही बापलेक राहत. लाटांपासून वीज तयार करणारी यंत्रं पाण्याखाली जाऊन दुरुस्त करणं, हे बाबांचं, म्हणजे विश्राम तांडेलांचं काम.

गेल्या आठवड्यात वसाहतीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलीय. खाणं बदला. नाहीतर पाण्यात उतरणं थांबवावं लागेल."

"बघू," म्हणत बाबा हसले होते. अबोलीला मात्र हसू आलं नाही. घरी येताच तिने शिजवूला, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकी रोबोला, हुकूम सोडला. "भात बंद! तळलेले मासे बंद! आजपासून फक्त मोडाची कडधान्यं, कच्च्या भाज्या आणि नाचणी."

"सगळं एकदम?" शिजवूने विचारलं.

"एकदम!"

लेकीच्या चेहऱ्याकडे बघून बाबांनी ती ताटं मुकाट्याने संपवली. आणि आता हे असं.

"बाबा, माझ्यामुळे झालं का?" तिने घाबरत विचारलं.

"नाही गो," ते म्हणाले, पण लगेच कळ येऊन त्यांनी डोळे मिटले.

कुंदाआत्या धावतच आली. ती बाबांची धाकटी बहीण. सूक्ष्मजीवांचा (साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा) अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. तिने ताप पाहिला, नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग बाबांना एक संवेदक गोळी (आतले बदल ओळखून बाहेर कळवणारं इवलंसं यंत्र) गिळायला दिली.

गोळी मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत अबोलीचा जीव टांगणीला लागला. ती खिडकीपाशी जाई, परत येई, बाबांचा श्वास नीट चाललाय ना ते बघे. अखेर समोरच्या भिंतीवर रंगीत ठिपके चमकू लागले. पिवळे ठिपके खच्चून भरले होते, हिरवे मात्र कुठेकुठे.

"हे काय आहे, आत्या?"

"दादाच्या पोटातली सूक्ष्मजीवांची वस्ती. काळजीचं कारण नाही, पोट गॅसमुळे दुखतंय." आत्या तिच्या शेजारी टेकली. "कडधान्यात, भाजीत, नाचणीच्या कोंड्यात तंतू (चोथ्यासारखा भाग) असतात. ते आपल्याला पचत नाहीत. पण मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव ते खातात. खाताना त्यांच्यापासून वायू बनतो, आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारे पदार्थही. या कामात तरबेज असलेले जीव म्हणजे हे हिरवे ठिपके. पिवळे ते बाकीचे जीव."

"ते इतके थोडे का?"

"दादाने आजवर त्यांना जेवायलाच घातलं नाही ना! आणि तू एकदम डोंगर ओतलास. वस्तीला सवय नाही, त्यामुळे वायू फार झाला. हेच थोडंथोडं वाढवलं, की हिरवे जीव वाढतात, पोटही सरावतं."

बाबा कुशीवर वळले. "मला काही सांगू नका. माझं आधीचंच खाणं बरं होतं."

अबोलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला याचीच तर भीती वाटत होती. "बाबा, सगळं नको. एकच बदल करू. कोणता, ते तुम्ही ठरवा."

बाबा उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "जेवताना एक वाटी उसळ. शिजवलेली. भात थोडा कमी. पण मासे माझे मला हवेत."

"चालेल!" अबोली म्हणाली. पण मनात धाकधूक होतीच. एका वाटीने काय होणार? पहिल्या काही दिवसांत ती रोज विचारी, "साखर उतरली का?" आत्या रोज मान हलवी. "इतक्यात नाही. सवय रुजू दे."

उसळ अंगवळणी पडली, तसे मासे तळण्याऐवजी तव्यावर भाजले जाऊ लागले. मग चहातली साखर अर्धी झाली. मध्येच एका लग्नात बाबांनी जिलब्यांवर ताव मारला, तेव्हा अबोलीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून उसळीची वाटी पुढे केली.

पुढच्या तपासणीला अबोली आत्याचा हात घट्ट धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "साखर थोडी उतरलीय. अजून धोका पूर्ण टळलेला नाही, पण दिशा बरोबर आहे. पाण्यात उतरायला हरकत नाही."

आत्याने पुन्हा गोळी दिली. या वेळी भिंतीवर हिरवे ठिपके जागोजागी लुकलुकत होते.

बाबा भिंतीजवळ गेले. एका हिरव्या ठिपक्यावर त्यांनी हलकेच बोट ठेवलं.

"अबोली," ते म्हणाले, "उद्या यांना काय वाढायचं गो?"